बदली ढोलकीवाला

धुळवडीच्या सकाळी सहदेव भुवडने एकच दगड मारला. इतरांनी किती मारले ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा मुठीत मावेल एवढा होता, आणि हातातून सुटल्या सुटल्याच त्याला कळलं की हा कुणाला तरी लागणार.

ही १९८५ सालची गोष्ट. घाटकोपरच्या टेकडीवर पायऱ्यांच्या एका अंगाला वाघजाई चाळ आणि दुसऱ्या अंगाला नालंदानगर. चाळीत संगमेश्वर-गुहागरकडची माणसं. संपात गिरण्या गेल्यापासून कुणी वॉचमन झालेलं, कुणी भाजीची गाडी लावलेली. नालंदानगरातली माणसं बौद्ध, जालना-परभणीकडची, बहात्तरच्या दुष्काळात आलेली. दोन्हीकडच्या बायका एका नळावर भांडायच्या आणि रेशनच्या रांगेत एकमेकींची जागा धरून ठेवायच्या. तसं बरं चाललं होतं.

होळीसाठी लाकडं पळवायची ही चाळीतल्या पोरांची जुनी खोड. त्या वर्षी नंदकिशोर आणि आणखी दोघांनी नालंदानगरच्या वाचनालयाची पाटीच उचलून आणली आणि होळीत टाकली. फळी सागाची होती एवढंच आम्ही बघितलं, असं ते नंतर सांगत राहिले. सकाळी नालंदानगरातले पंधरा-वीस जण अर्धी जळालेली पाटी घेऊन जाब विचारायला आले. पाटीवर 'वाचना' एवढी तीन अक्षरं उरली होती. ती वाचून चाळीतलं कुणीतरी हसलं. मग धक्काबुक्की झाली, मग शिव्या, मग दगड.

सहदेव वर पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. सगळे मारत होते म्हणून त्यानेही वाकून एक दगड उचलला. खाली निळ्या शर्टातल्या एका मुलाने तोंडासमोर हात धरला आणि दगड त्या हातावर बसला. मुलगा हात पोटाशी घेऊन खाली बसला. सहदेव टाकीमागून पळत घरी आला आणि मोरीत जाऊन उगाचच हातपाय धूत राहिला.

पोलिसांची गाडी आली. दोन्हीकडचे पाच-पाच जण चौकीत नेले आणि संध्याकाळी समज देऊन सोडले. सहदेवचे वडील गुणाजी भुवड चाळीच्या मंडळाचे अध्यक्ष होते. मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन होते, पण गिरणीत सत्तावीस वर्षं काढलेली असल्याने त्यांच्या शब्दाला टेकडीवर वजन होतं. चौकीत ते म्हणाले, "साहेब, आमच्या पोरांनी पाटी नेली, ते चुकलं. शिव्याही दिल्या असतील. पण दगड आमच्या बाजूने उचलला गेला नाही. पोरं मला विचारल्याशिवाय एवढं करायची नाहीत."

वडिलांसोबत चौकीत आलेला सहदेव त्यांच्या मागेच उभा होता. गुणाजींनी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही, इतका त्यांचा विश्वास होता.

त्या दिवसापासून सहदेवचं कशात लक्ष लागेना. विक्रोळीच्या कंपनीत तो अप्रेंटिस होता. तिथे दोनदा चुकीच्या मापाचं भोक पाडून सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. घरी ताटावर बसला की दोन घास खाऊन उठायचा. आई म्हणायची, "असा काय करतोस रे? जेवण थंड झाला तुझा. पोटात दुखता काय?" तो नाही म्हणायचा आणि बाहेर जायचा. बाहेर गेला की नालंदानगरच्या बाजूला बघवायचं नाही, आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. निळा शर्ट दिसला की तो गल्ली बदलायचा. मुंबईत निळे शर्ट किती असतात ते त्याला त्या महिन्यात समजलं.

टेकडीच्या पायथ्याला एक कल्याण केंद्र होतं. शिवणक्लास, कॅरम, वर्तमानपत्रं, असं तिथे चालायचं. केंद्राच्या संचालिका विमलाताई कारखानीस एका संध्याकाळी पायऱ्या चढून चाळीत आल्या. पन्नाशीच्या बाई, दम लागलेला. गुणाजींच्या दारात खुर्चीवर बसून त्या आधी तांब्याभर पाणी प्यायल्या.

"हे आंतरराष्ट्रीय युवक वर्ष आहे," त्या म्हणाल्या. "तरुणांना घेऊन शांततेसाठी काहीतरी करा, असा वरून कागद आलाय. मला भाषणं नकोत. एक मेला केंद्राच्या पटांगणात कार्यक्रम करू या. तुमच्या पोरांची जाखडी आणि नालंदानगरचा जलसा."

"करू की," गुणाजी म्हणाले. "आधी त्यांचं, मग आमचं."

"नाही. एकत्र. त्यांच्या गाण्याला तुमची पोरं उभी राहतील आणि तुमच्या नाचाला ते गातील. पण एक अडचण आहे. त्यांच्या ढोलकीवाल्याची दोन बोटं त्या दिवशी मोडली, उजव्या हाताची. प्लास्टर आहे. म्हणून बदली ढोलकीवाला हवाय. तुमचा सहदेव वाजवतो ना?"

सहदेव दारातच उभा होता. शिमग्याला गावी गेला की आख्खी वाडी त्याच्या ढोलकीवर फेर धरायची. विमलाताई बोलत राहिल्या, पण त्याला पुढचं काही ऐकूच येईना. ढोलकीवाला होता तर तो.

"काय रे? जाशील?" गुणाजींनी विचारलं.

"जाईन," तो म्हणाला. आपण असं का म्हणालो ते त्याला स्वतःला कळलं नाही.

नंदकिशोरने त्याला खाली टपरीवर गाठलं. "यार सहदेव, डोकं फिरलं काय तुझं? त्यांच्यात जाऊन ढोलकी बडवणार? चाळीत तोंड काय दाखवशील?"

"बाबांनी सांगितलंय."

"बाबांचं सोड. तुला जायचंय म्हणून तू चाललायस. तुझ्या तोंडावर दिसतंय."

सहदेवने चहा अर्धा टाकला आणि निघाला. नंदकिशोरचं खरं होतं.

जलशाची तालीम महापालिकेच्या शाळेतल्या एका वर्गात व्हायची. बाकं भिंतीला लावलेली आणि मध्ये सतरंजी. पथकाचे शाहीर भाऊराव खरात साठीचे होते. उंच, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रस्त्याच्या कामावर मुकादम होते आणि गाणी स्वतः लिहायचे. त्यांनी दारातच "जय भीम" केला. सहदेवच्या तोंडून "नमस्कार" निघाला आणि मग तो उगाचच ओशाळला. कोपऱ्यात पेटीजवळ भाऊरावांची मुलगी सुलक्षणा बसली होती. कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, पथकात तीच पुढे गायची. आणि तिच्या शेजारी, उजवा हात गळ्यात बांधलेला, तिचा भाऊ चंद्रप्रकाश. अंगात तोच निळा शर्ट होता.

"ये, बस," चंद्रप्रकाश म्हणाला आणि डाव्या हाताने ढोलकी त्याच्याकडे सरकवली. "ढोलकीचं पूड ताणून ठेवलंय. तुला उतरलेलं आवडत असेल तर सांग."

सहदेवने ढोलकी मांडीवर घेतली. दुसऱ्याची ढोलकी म्हणजे दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटतं. त्याने एक थाप मारली. आवाज इतका स्वच्छ निघाला की तो दचकला.

"घाबरतोस काय? चावत नाही ती," चंद्रप्रकाश हसला.

पहिले आठ दिवस सहदेव चुकतच होता. जाखडीत पायात घुंगरू बांधून पोरं गोल फिरतात. ढोलकी सुरुवातीपासून घोड्यासारखी उधळलेली असते, तिने पायांना पळवायचं. जलशाचं तसं नव्हतं. गाणं सुरू झालं की ढोलकीने मागे राहायचं, शब्द लोकांच्या कानात नीट पडू द्यायचे, आणि कडवं संपताना जोर करायचा. सहदेव शब्दांच्या अंगावर जायचा. मग चंद्रप्रकाश डाव्या हाताने स्वतःच्या मांडीवर ठेका धरून दाखवायचा.

"ऐक. बाबा काय म्हणतायत ते ऐक ना आधी. आपण दोघं भांडायला बसलोय का?"

भाऊरावांनी कार्यक्रमासाठी नवं गाणं लिहिलं होतं. 'एकाच टेकडीला दोन उतार, पाणी वाहतं दोन्हीकडं', असं त्याचं धृपद होतं. सुलक्षणा ते खालच्या सुरात सुरू करायची आणि 'दोन्हीकडं'ला सूर वर न्यायची. तिथूनच लय दुपटीत जायची, आणि चाळीतली पोरं घुंगरू वाजवत आत यायची. निदान ठरलं तसं होतं. चाळीतून आठ जण येणार होते, पण तालमीला चौघंच यायची. तीही सुरुवातीला दारातच उभी राहायची. जाखडीचा फेर कसा धरतात ते सुलक्षणाने विचारलं तेव्हा पोरं लाजून एकमेकांना पुढे ढकलायला लागली. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्यातला एक जण भाऊरावांच्या गाण्याचा कोरस मोठ्याने गाताना सापडला.

चंद्रप्रकाश कुर्ल्याच्या एका छापखान्यात कंपोझिटर होता. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, सगळं काम बोटांचं. तो आता बिनपगारी घरी बसला होता. हे तो सहज बोलता बोलता सांगायचा आणि सहदेव ढोलकीच्या दोऱ्या उगाचच ओढत बसायचा.

"कुणी मारला असेल दगड?" एकदा सहदेवने विचारलंच.

"काय माहीत. वरून आला. माझं लक्ष बाबांकडे होतं, ते पुढे होते ना," चंद्रप्रकाश म्हणाला. "तुझे वडील चौकीत म्हणाले की तुमच्यातल्या कुणी मारला नाही. मग काय, आमचाच आम्हाला लागला असेल." आणि तो हसला. ते हसू टोमण्याचं होतं की नाही, ते सहदेवला समजलं नाही. त्या दिवशी त्याचा ठेका परत परत घसरला.

सांगून टाकू, असं तो रोज ठरवायचा. तालमीला जाताना पायऱ्या मोजायचा. चाळिसाव्या पायरीपर्यंत वाक्य तयार असायचं आणि शाळेच्या फाटकात पोचेपर्यंत ते विस्कटायचं. न सांगण्याला रोज एक नवं कारण सापडायचं. आज भाऊरावांना ताप आहे. आज सुलक्षणाची परीक्षा आहे. आज तालीम पहिल्यांदाच चांगली झाली, आज कशाला. आणि तालीम खरोखरच चांगली व्हायला लागली होती. तीच सगळ्यात वाईट गोष्ट होती.

प्लास्टर काढायच्या दिवशी चंद्रप्रकाशने त्यालाच सोबत नेलं. हॉस्पिटलात कात्रीने प्लास्टर कापलं. आतून हात पांढरा, सुकलेला निघाला. डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली. तीन बोटं आणि अंगठा वळले. मधलं बोट ताठ तसंच राहिलं.

"थोडा व्यायाम करा," डॉक्टर म्हणाले. "पण पूर्ण वळेल असं मी सांगत नाही."

दोघं बाहेर येऊन कंपाउंडच्या कट्ट्यावर बसले. चंद्रप्रकाश डाव्या हाताने ते बोट दाबत होता. दाबलं की वाकायचं, सोडलं की सरळ व्हायचं. समोर उसाच्या रसवाल्याचं चाक घुंगरांच्या आवाजात फिरत होतं.

"चंद्रप्रकाश," सहदेव म्हणाला. "तो दगड मी मारला."

चंद्रप्रकाशचा हात थांबला.

"कुठून?"

"पाण्याच्या टाकीजवळून. तू तोंडासमोर हात धरलास. मी बघितलं."

"मग तूच." तो सहदेवकडे वळला. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि माझ्या ढोलकीवर बसून माझ्याकडून शिकत होतास."

चंद्रप्रकाश उठला. "माझ्या मागे येऊ नको," म्हणाला आणि एकटाच चालायला लागला. बस सोडून पायीच गेला.

दोन दिवस सहदेव तालमीला गेला नाही. मनावरचं ओझं उतरेल असं त्याला वाटलं होतं, तसं काहीच झालं नाही. उलट आता कुणाकुणाला कळलं असेल या विचाराने त्याला एका जागी बसवेना. पायऱ्यांवरून कुणी चढलं की तो खिडकीशी जायचा. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तो उठला आणि स्वतःच शाळेत गेला. सगळं पथक बसलेलं होतं. चंद्रप्रकाशने मान वर केली नाही. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, हे इतरांच्या हसऱ्या तोंडांवरून कळत होतं.

सहदेव सतरंजीच्या कडेला उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. टाकी, दगड, निळा शर्ट, वडिलांचं चौकीतलं बोलणं.

पहिल्यांदा कोरसमधला एक दांडगा मुलगा उठला आणि त्याने सहदेवची कॉलर धरली. "चल चौकीत. आत्ताच्या आत्ता."

"चला. मी येतो," सहदेव म्हणाला.

"सोड त्याला," चंद्रप्रकाश म्हणाला. "चौकीत जाऊन माझं बोट वळणार आहे का?"

सुलक्षणा पेटीमागून उठून सहदेवच्या समोर आली होती. "महिनाभर तू इथे येतोस. घरी आलास तेव्हा माझ्या आईने तुला चहा दिला. भावाला जेवण भरवायला लागायचं तेव्हा तू शेजारी बसलेला असायचास. कसं बसवलं रे तुला?"

"बसवत नव्हतं."

"पण बसलास ना!"

भाऊरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला राग आलाय," ते अगदी हळू म्हणाले. "आत्ता मी काही बोललो तर ते रागाचं असेल. ज्याचा हात गेला त्याने ठरवावं."

सगळे चंद्रप्रकाशकडे बघायला लागले. त्याने आधी खांदे उडवले. मग म्हणाला, "आम्हाला सांगितलंस. आम्हाला सांगणं सोपं आहे रे. आम्ही काय, मार खाल्लेलेच आहोत. तुझ्या चाळीत सांगशील? तिथे सगळे म्हणतात आमचाच दगड आम्हाला लागला. नळावर माझ्या आईला तोंडावर बोलतात. तिथे सांग. मग ढोलकीला हात लाव."

त्याच संध्याकाळी मंडळाची सभा होती. विषय पावसाळ्याआधी कौलं शाकारण्याचा. चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत तीस-चाळीस माणसं बसली होती, बायका दारांतून. गुणाजी खुर्चीवर होते. कौलांचं बोलणं संपलं आणि सहदेव उभा राहिला. इथे वाक्य विस्कटलं नाही, कारण ते तयारच केलेलं नव्हतं.

"खरातांच्या चंद्रप्रकाशला लागलेला दगड मी मारला. आपल्याच बाजूने दगड गेले. मी एकट्याने नाही, पण त्याला लागला तो माझा."

मग सगळे एकदम बोलायला लागले. नंदकिशोर ओरडला, "गप बस! वाट लावशील सगळ्यांची!" एक म्हातारे म्हणाले, मिटलेलं उकरायचं कशाला. एका बाईने सहदेवच्या आईकडे बघून तोंड फिरवलं. आई उंबऱ्यात तशीच उभी होती, पदर तोंडाला लावलेला.

गुणाजी खुर्चीतून उठले. त्यांनी मुलाकडे बघितलं. मारतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी मंडळाची वही उचलून सेक्रेटरीच्या हातात दिली. "दुसरा अध्यक्ष बघा," एवढंच बोलले आणि घरात गेले.

त्यानंतर घरात गुणाजी मुलाशी एक अक्षर बोलले नाहीत. डबा घ्यायचे, ड्युटीला जायचे, परत आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. जाखडीच्या आठातल्या सहांनी कार्यक्रमातून नाव काढून घेतलं. विमलाताई पुन्हा टेकडी चढून आल्या, घरोघर गेल्या आणि निराश होऊन उतरल्या. उतरताना सहदेवला म्हणाल्या, "तू चूक केलीस असं मला म्हणवत नाही. पण वेळ तरी बघायचीस, बाळा." आता कार्यक्रम होईल की नाही हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

तालमीत त्याच्याशी कुणी फारसं बोलायचं नाही. ढोलकी सतरंजीवर ठेवलेली असायची. तो यायचा, बसायचा, वाजवायचा. चंद्रप्रकाश मागे बसून फक्त चुका सांगायचा. "लवकर." "परत लवकर." "शब्द दाबलास."

एक मेला संध्याकाळी पाच वाजता केंद्राच्या पटांगणात तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या. नालंदानगरची माणसं आली. वाघजाई चाळीची खाली उतरली नाहीत. ती पायऱ्यांवर, लांबून दिसेल अशी, घोळक्याने उभी राहिली. पुढच्या डाव्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या त्या राहिल्याच. एक हवालदार आंब्याच्या झाडाखाली स्टूल टाकून बसला होता. विमलाताईंनी माईकवर चार वाक्यं बोलून संपवलं.

भाऊरावांनी डफावर थाप दिली. सुलक्षणाने गाणं सुरू केलं. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात सहदेवची नजर पायऱ्यांकडे गेली, आणि तिथे खाकी गणवेशात उभे असलेले वडील त्याला दिसले. ड्युटीला निघालेले, हातात डबा. गुणाजी घोळक्यातून सुटे होऊन चार पायऱ्या उतरले होते. सहदेवचे हात सुटले. ढोलकी जाखडीसारखी पुढे धावली. सुलक्षणाने चमकून मागे बघितलं. तिचा शब्द अर्धाच राहिला. कोरस कुठे धरायचा ते कुणाला कळेना.

तेवढ्यात सहदेवच्या पाठीवर थाप बसली. मागे बसलेल्या चंद्रप्रकाशने डावा पंजा उघडून त्याच्या पाठीवरच ठेका धरला होता. धा, एक, दोन. धा, एक, दोन. एवढ्या जोराने मारायची काही गरज नव्हती. पाठ चुरचुरत होती. सहदेवने दात आवळले आणि त्या हातामागे गेला. हळूहळू ढोलकी मागे आली. सुलक्षणाने सोडलेला शब्द परत उचलला. थाप थांबली नाही. 'दोन्हीकडं'पर्यंत चंद्रप्रकाश त्याच्या पाठीवर वाजवत राहिला आणि लय दुपटीत जायच्या क्षणी कानाशी ओरडला, "आता पळ!"

जाखडीचे दोघंच आत आले. दोघांचा फेर म्हणजे काय, पण ते जीव तोडून नाचले. कोरसमधली तीन मुलं न सांगता उठली आणि त्यांच्यात शिरली. पाय चुकत होते, एकमेकांना आपटत होते. लोक हसले, टाळ्या द्यायला लागले. पायऱ्यांवरच्या बायकाही कठड्याला टेकून बघायला लागल्या. त्यातलं आणखी कुणी खाली आलं नाही, पण कुणी घरीही गेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर गुणाजी पटांगणात आले. भाऊराव डफ गुंडाळत होते. त्यांच्यासमोर उभे राहून गुणाजींनी डबा खाली ठेवला आणि हात जोडले.

"चौकीत मी खोटं बोललो. मला माहीत नव्हतं. पण खोटंच झालं ते."

भाऊरावांनी हात जोडले नाहीत. मग एक खुर्ची ओढून म्हणाले, "बसा. ड्युटी किती वाजताची?"

"सातची."

"मग वेळ आहे अजून."

दोघं बसले. काय बोलले ते सहदेवला ऐकू आलं नाही, कारण तो ढोलकीला कापड गुंडाळत होता. ढोलकी त्याने चंद्रप्रकाशपुढे ठेवली. सदरा पाठीला चिकटला होता.

"लागलं का जोरात?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"हो."

"बरं झालं."

त्याचं बोट पुढे कधीच पूर्ण वळलं नाही. छापखान्याने त्याला प्रुफं तपासायच्या टेबलावर घेतलं. ते काम त्याला आवडायचं नाही आणि तो तसं बोलूनही दाखवायचा. दोघं मित्र झाले असं म्हणता येणार नाही. काही दिवस तो सहदेवशी हसून बोलायचा, काही दिवस त्याला बघून रस्ता बदलायचा, आणि आज काय होईल हे सहदेवला आधी कधीच कळायचं नाही. घरी गुणाजी बोलायला लागले, तेही जेवणापुरतं. नंदकिशोरने टपरीवर त्याच्या शेजारी बसणं सोडलं ते कायमचंच.

मे महिन्याच्या शेवटी पथकाचा चेंबूरला कार्यक्रम होता, गाण्यातला जाखडीचा फेर तसाच ठेवून. भाऊरावांनी निरोप पाठवला, ढोलकीला ये. सगळे बसने निघाले. सहदेव दांडी धरून उभा होता. कुणाशी बोलावं, गप्प बसावं, की पुढच्या स्टॉपला उतरून घरी जावं, ते त्याला कळत नव्हतं. महिनाभर त्याच्याशी शब्द न बोललेली सुलक्षणा समोरच्या सीटवर बसली होती. बस सिग्नलला थांबली तशी ती एकदम म्हणाली, "ते फेरात वळताना उजवा पाय आधी टाकतात की डावा? पोरं रोज वेगळंच सांगतात."

"उजवा. घुंगरू उजव्या पायात असतं ना."

"दाखव."

"इथं?"

"मग कुठे? तासाभरात उतरायचंय स्टेजवर."

सहदेवने दांडी सोडली, उजवा पाय आपटून अर्धा वळला, आणि तेवढ्यात बस सुटल्याने मागच्या सीटवरच्या एका गृहस्थांच्या मांडीवर आदळला. पथकातली पोरं खो खो हसायला लागली. "ए, नाच घरी जाऊन!" कंडक्टर टिकिटांचा डबा आपटत ओरडला. सहदेव उठला, गृहस्थांची माफी मागितली आणि दांडी परत धरली.

"परत एकदा," सुलक्षणा म्हणाली. "वळताना दिसलंच नाही मला."